डिंकाने बंद केलेली उत्तरं

डिंकाची बाटली उघडली की मला वारज्यातला, पिठाच्या गिरणीवरचा आमचा फिजिक्सचा क्लास आठवतो. शेजारी बसणाऱ्या मुलीची फिरत्या चाकांची, विजेची सगळी गणितं बरोबर यायची. ती पुस्तकातली मागची उत्तरं बघून आकडे जुळवते, अशी मला पक्की शंका होती. एकदा ती पाणी प्यायला गेली, तेव्हा मी तिचं पुस्तक उघडलं. उत्तरांची पानं तिने कडेने डिंक लावून चिकटवून टाकली होती. “उत्तरं हवी असतील तर स्वतःच्या पुस्तकात बघ,” मागून ती शांतपणे म्हणाली, “माझी उघडत नाहीत.” माझ्या पुस्तकाची नेमकी तीच पानं हाताळून मळली होती. आजही कुणाचं पहिल्या फटक्यात बरोबर आलं की मला शंका येतेच, आणि पाठोपाठ डिंकाचा वास.