तलाठ्यासाठी आणलेली खुर्ची

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. कोपर गावात खाडीकडच्या आपल्या खोपटात मंजुळा सकाळी भाकरीचं पीठ मळत होती, तोच दारावर थाप पडली. शेजारची कमळाबाई धापा टाकत उभी.

"मंजुळे, तुझ्या पगाराचा तलाठी आयलाय गो. देवळापाशी तुझा घर इचारतंय."

पगार म्हणजे निराधार म्हाताऱ्यांना सरकार महिन्याला देतं तो. मंजुळाचा नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. डोक्यावर माशांची पाटी घेऊन तिनं एकटीनं दिवस काढले. मग गुडघे गेले आणि पाटी सुटली. तेव्हापासून कालवण यायचं ते कमळाबाईच्या घरून. कमळाबाईनं कधी बोलून दाखवलं नाही, पण मंजुळाच्या घशाखाली घास उतरत नसे. म्हणून तर तिनं अर्ज केला होता.

आता तलाठ्याला बसवायचं कशावर? कोळणीच्या घरून पाहुणा उपाशी गेला, असं गावात कुणी म्हणायला नको. कमळाबाईकडून खुर्ची आली, कपबशा आल्या, नको नको म्हणताना भिंतीवरचं घड्याळही आलं. बंदरावरच्या बायांनी ओंजळभर कोळंबी दिली. तलाठी पोटभर जेवला, घड्याळात वेळ बघून उठला.

महिन्यानं कागद आला. अर्जदाराची परिस्थिती बरी, अर्ज नामंजूर.

"घे, कोळंबी भोवली तुला," कमळाबाई म्हणाली. "आता गप बस."

"गप बसून कधी मासली खपली काय गो?"

गुडघे चोळत मंजुळा तालुक्याच्या कचेरीत गेली. दोनदा साहेब भेटले नाहीत. तिसऱ्यांदा भेटले आणि कागद वाचू लागले, "आजी, घरात खुर्ची, घड्याळ, जेवायला कोळंबी..."

"खुर्ची कमळीची. घड्याळबी तिचाच. कोळंबी बंदरावरच्या बायांची. माझा म्हणाल तर त्यातला मीठ."

शेजारचा कारकून खुदकन हसला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"जेवत्या पाहुण्याला कोण सांगतंय साहेब, का हा मागून आणलाय म्हणून?"

साहेबांनी कागद खाली ठेवला. "बरं, आता माझ्याकडून काय हवंय?"

मंजुळानं पदर खांद्यावर नीट घेतला.

"तलाठ्याला परत एकदा घरी धाडा. या खेपेला चटईवर बसवीन आणि नुसता पाणी देईन."