वाघोबाची सुपारी

लखमाबद्दल मी कधी वेगळं लिहीन असं वाटलं नव्हतं. रोजच्या वहीत तो येऊन जायचा, एवढंच. 'आज लखमा लावणीला आला.' 'लखमाने परड्याचं कुंपण नीट केलं.' पण त्याची खरी ओळख ती नव्हे. आमच्या शेणव्याच्या बोहाड्यात, म्हणजे चैत्रात रात्रभर देवांची सोंगं नाचतात त्या उत्सवात, वाघोबाचं सोंग त्याच्या घरात आज्यापासून चालत आलेलं. सावरीच्या लाकडाचा मुखवटा, दर साली मुरबाडच्या बाजारातून रंग आणून तो स्वतः रंगवायचा. लाकूड तासताना त्याच्या बापाचा वाकस एकदा निसटला होता, म्हणून वाघाचा डावा कान जरा तुटका. एरवी लखमा चारचौघांत मान वर करून बोलायचा नाही. पण पहाटे तांबडं फुटताना वाघोबा निघाला, की पेंगलेली माणसं उठून बसायची आणि आम्ही बायका हात जोडायचो. मुखवट्याखाली कोण, हे तेव्हा आठवायचंसुद्धा नाही.

बोहाडा संपला की गोजरबाबा, म्हणजे आमच्या गावकीतले सगळ्यांत वडीलधारे, प्रत्येक सोंगवाल्याच्या हातात पुढल्या वर्षाची सुपारी ठेवतात. ती खायची नाही, देवाच्या टोपलीत ठेवायची. दिलेला शब्द आहे तो. सुपारी परत केली, तर सोंग भाऊबंदातल्या पुढच्या घरात जातं. सूट एकच: गावातल्या माणसाने दिलेल्या शब्दापायी कोणी अडकला, तर त्याचं सोंग राखून ठेवतात. बाहेरच्या माणसासाठी सूट नाही.

माझे धाकटे दीर शेखरभावोजी मुंबईला सिरियलवाल्यांकडे दिव्यांच्या कामाला होते. तेव्हा दर रविवारी 'अग्निवेग' लागायचं. गावातली पोरं गळ्यात टॉवेल बांधून ओट्यावरून उड्या मारायची, आमची लेक अनिता धरून. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीआधी ते लोक माहुली गडाच्या पायथ्याशी शूटिंगला आले. त्यांना जंगलातला एक देव पाहिजे होता, जो अग्निवेगाला वाट दाखवेल. भावोजींनी लखमाचं नाव सांगितलं. बोहाड्याबाहेर मुखवटा चढवायला लखमा तयार नव्हता. मीच नारळ दिला, पूजा केली, मग तो उभा राहिला. टीव्हीवर वाघोबा दिसला जेमतेम चार मिनिटं. पण भावोजी म्हणाले, "वहिनी, पत्रांचा ढीग पडलाय. सगळ्यांना तो वाघच पाहिजे."

माघात ते सिरियलच्या साहेबांना घेऊन घरी आले. साहेबांनी माझी पिठलं-भाकरी खाल्ली आणि पुढचा सगळा बेत सांगितला. मी तो त्याच संध्याकाळी, देवापाशी दिवा लावून झाल्यावर, वहीत उतरवला. दुसऱ्या भागात अग्निवेगाची शक्ती जाणार, ती वाघोबा परत मिळवून देणार. मग वाघोबाची स्वतःची वेगळी सिरियल, सव्वीस रविवार. मुखवट्यात लखमाच. शूटिंग चैत्रात.

लखमा दारात उकिडवा बसला होता. म्हणाला, "चैतात बोहाडा हाय. मना सुपारी हाय."

भावोजी उठले, आमच्या देव्हाऱ्यावर हात ठेवला. "लखमा, मी या गावचा आहे ना? हा माझा शब्द. तुला न्यायला जीप आली नाही तर मला विचार."

लखमाने माझ्याकडे पाहिलं. "वयनी, तुमी काय बोलता?"

मी म्हटलं, "भावोजी देवावर हात ठेवून खोटं बोलायचे नाहीत."

"मंग झालं. तुमी सांगता ना."

त्याने भिमीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, चंचीतून एक सुपारी घेतली आणि शब्द पक्का म्हणून साहेबांच्या हातात ठेवली. साहेबांनी ती तोंडात टाकली. कटकन आवाज झाला. भावोजी हसले. लखमाही हसला, पाहुण्याची लाज राखायला हसतात तसा. भिमी तेवढी हसली नाही. "खाल्लीन की गो," एवढंच ती माझ्या कानाशी बोलली. मी तेही वहीत लिहिलं, गंमत म्हणून. त्याच वेळी मला उमगायला हवं होतं.

मोजमापासाठी म्हणून मुखवटा मुंबईला गेला. महिन्याने परत आला तेव्हा वाघाच्या मिशांत साच्याचं पांढरं प्लास्टर अडकलेलं होतं. लखमाने ते सुईने टोकरून काढलं आणि गोजरबाबांना गावची सुपारी परत केली.

चैत्रात जीप आली नाही. लखमा धुतलेले कपडे घालून, मुखवटा घोंगडीत गुंडाळून, तीन दिवस फाट्यावर बसला. भिमी दुपारी भाकर नेऊन द्यायची. जाणारे-येणारे विचारायचे, "काय रं हिरो, गाडी चुकली काय?" चौथ्या दिवशी तो आमच्या शेतात कामाला आला. त्या साली बोहाड्यात वाघोबा निघालाच नाही.

जूनमध्ये 'अग्निवेग' पुन्हा सुरू झालं. आमचा ओटा माणसांनी भरला. लखमा आणि भिमी पहिल्यांदाच आत येऊन बसली. मी टीव्हीपुढे उदबत्ती लावली होती. वाघोबा आला. रबराचा होता, पण डावा कान तसाच तुटका! मी हात जोडले. तेवढ्यात अग्निवेगाने त्याच्या तोंडावर गुद्दा मारला, मुखवटा ओरबाडला, आणि आतून निघाला एक भुरटा चोर. कोंबड्या पळवणारा. पोरं खो-खो हसली. शेवटी जाहिरात झाली, या चोराच्या गमतीजमतींची वेगळी सिरियल लवकरच येणार. माझे हात अजून जोडलेलेच होते. लखमा उठला, चपला हातात घेतल्या आणि अनवाणी निघून गेला.

गणपतीत भावोजी आले. मी मोदक वळत होते, हातातलं खाली न ठेवता विचारलं.

"वहिनी, सिरियल आहे ती. कथा बदलतात. मला शिमग्याआधीच कळलं होतं."

"कळलं होतं? मग तो तीन दिवस फाट्यावर बसला, तेव्हा एक निरोप नाही धाडलात?"

"वाटलं, कंटाळून जाईल घरी." आणि त्यांनी तळून काढलेला मोदक उचलला. नैवेद्य दाखवायचा होता अजून.

दसऱ्याला गावकीची बैठक बसायची होती. वाघोबाचं सोंग राखायचं, की लखमाचा चुलतभाऊ बारकू, त्याच्या घरात द्यायचं, हे ठरणार होतं. भावोजी म्हणत, मी फक्त ओळख करून दिली, शब्द साहेबांचा. लखमा म्हणत होता, शब्द शेखरचा. लखमा माझ्याकडे आला. "वयनी, तुमची वही आना. तिच्यात हाय ना सगला? तुमी मना वाचून दावला होता."

तेव्हाच भावोजींना मुरबाडचं स्थळ आलं होतं. सुपारी फुटायची बाकी होती. आमचे हे म्हणाले, "देवावर हात ठेवून फिरला, हे चारचौघांत वाचलंस तर मुरबाडला पोचायला किती वेळ लागतो?"

मी वही घेऊन गेले. देवळापुढे सगळे बसलेले. सगळं वाचलं. पिठलं-भाकरी, सव्वीस रविवार, चावलेली सुपारी. गोजरबाबांनी विचारलं, "शब्द कोणी दिला, ता वाच."

पानावर माझ्याच अक्षरात होतं, 'भावोजींनी देव्हाऱ्यावर हात ठेवला.' मी वाचलं, "साहेबांनी देव्हाऱ्यावर हात ठेवला."

लखमा माझ्याकडे बघत राहिला. त्याने ते पान एकदा ऐकलेलं होतं. त्याला वाचता येत नाही, पण ऐकलेलं तो विसरत नाही. सगळा बोहाडा त्याला तोंडपाठ. तोंड उघडून तो मला खोटी पाडू शकला असता. त्याने मान खाली घातली.

"बाहेरच्याचा शब्द," गोजरबाबा म्हणाले. "सोंग बारकूच्या घरात."

उठताना लखमा माझ्याजवळ आला. "पान बराबर व्हता ना, वयनी?"

"हो," मी म्हटलं.

भावोजींचं लग्न झालं. पुढल्या चैत्रात बारकूचा नितीन वाघोबा झाला. मुखवट्याच्या दोऱ्या डोक्यामागे कशा आवळायच्या हे त्याला येईना, तेव्हा लखमाच पुढे झाला आणि त्याने त्या बांधून दिल्या. मग मागे जाऊन उभा राहिला. मी हात जोडले, पण या वेळी मुखवट्याखाली कोण आहे ते मला सारखं दिसत होतं.

दोन वर्षांनी मी गोजरबाबांच्या घरी जाऊन ते पान जसं लिहिलंय तसं वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तीनदा नाचला ता सोंग बारकूच्या घरात. आता परत नाय मागता येत. तवाच वाचाया पायजे होता, पोरी."

परतताना लखमाच्या घरावरून आले. तो दारात विळा घासत होता. मी सांगितलं, खरं वाचून आले. त्याने विळ्यावरचं पाणी बोटाने निपटलं आणि भिमीला हाक मारली, "गो, वयनीला पाट दे बसाया." आमच्या लावणीला मात्र तो पुन्हा कधी आला नाही.