मोलगीच्या उतारावर
तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, घासलेल्या रबराचा वास आला की मी आजही आधी सायकलचे ब्रेक दाबून बघतो. मोलगीहून आम्ही दोघे मित्र भर पावसात सायकलींवरून घाट उतरत होतो. मी पुढे, आणि माझे भिजलेले ब्रेक लागेनात. एका बाजूला धुक्याने भरलेली दरी, समोरच्या वळणावरून टपापर्यंत माणसं भरलेली जीप वर येतेय. पुढच्या चाकावर चप्पल दाबून धरली; ती घासत गेली, पण वेग कमी होईना. शेवटी डोळे मिटून डोंगराकडच्या चारीत सायकल घातली आणि चिखलात आडवा झालो. जीप हॉर्न वाजवत निघून गेली. मी घाटाखालच्या चहासाठी शर्यत लावलीय असं समजून जिवाच्या आकांताने पायडल मारत आलेला मित्र माझ्यावरच डाफरला, "भो, इतली कसानी घाई शे तुले? चहा पुढे बी भेटी ना!"