घुटीपुरतं पाणी

१९६४च्या वैशाखात सिंधूताई नर्स म्हणून धामणगाव बढ्याला रुजू झाल्या. एसटीतून उतरून ट्रंक ओढत निघाल्या, तोच एका दारातून हाक आली, "ओ बाई, पाणी प्या अन् मंग जा."

हाक मारणाऱ्या रुखमाबाई. ठेंगण्या, हातात राखेनं घासलेला पितळी तांब्या. अंगणातल्या विहिरीचं पाणी गोड. दारावरून जाणाऱ्याला ते पाजल्याशिवाय त्या सोडत नसत. लग्नकार्याला सारी आळी त्यांच्याकडूनच पाणी नेई, आणि दोरही त्यांचाच वापरी.

त्याच पावसाळ्यात आळीतल्या पाच पोरांना हगवण लागली. सिंधूताईंनी विहिरीचं पाणी बाटलीत भरून बुलढाण्याला तपासायला पाठवलं. पाणी दूषित निघालं. विहिरीपासून दहा हातांवर गोठ्याचा उकिरडा होता.

"काचेसारखं तर हाय पाणी," रुखमाबाई म्हणाल्या.

"जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, मावशी."

"मंग तुमाले कसे दिसले?"

सिंधूताईंनाही हसू आलं. पण रुखमाबाई हट्टी नव्हत्या, आणि घरात लेक होती. कोकिळा बाळंतपणाला माहेरी आलेली. आधीची दोन मुलं जन्मतःच गेली होती. हा तिसरा, दीड महिन्याचा. रुखमाबाईंनी उकिरडा गावाबाहेर नेला, विहिरीत जंतू मारायची पावडर टाकू दिली. पावडरीचा साठा संपला तेव्हा सिंधूताईंनी बजावलं, "आता पिण्याचं पाणी उकळूनच घ्यायचं."

मग चुलीवरचं पातेलं उतरलंच नाही. ओलं सरपण फुंकून फुंकून रुखमाबाईंचे डोळे लाल झाले. आल्यागेल्याला त्या कोमट पाणी देत. शेजारचे पुंजाजी तांब्या बघून म्हणत, "वयनी, यात चहापत्ती टाकाची राह्यली वाटते."

तरी बाळाला जुलाब लागले. तिसऱ्या दिवशी मायलेकी बाळाला घेऊन बैलगाडीनं मोताळ्याच्या दवाखान्याकडे निघाल्या. काळ्या चिखलात चाकं रुतत होती. अर्ध्या वाटेतच कोकिळेच्या मांडीवर बाळ गार पडलं.

आठ दिवसांनी सिंधूताई भेटायला आल्या. त्यांची नजर कोनाड्यात गेली. तिथं सहाण होती, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, आणि शेजारी झाकलेली वाटी.

"यात काय आहे?"

"पाणी. घुटी उगाळाले. रोज सकाळी विहिरीतून ताजं काढत होती."

"उकळलेलं?"

"घुटी का पाणी हाय काय बाई? ते तं दवा..."

रुखमाबाई वाटीकडे बघत राहिल्या.

सिंधूताईंना आपलेच शब्द आठवले. पिण्याचं पाणी, असंच म्हटलं होतं त्यांनी. बाळाला कितीदा मांडीवर घेतलं होतं. त्याच्या तोंडाला वेखंडाचा वास येई. तो वास कुठून येतो, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"मावशी, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या.

"पाजली म्या. ह्या बोटानं," रुखमाबाई म्हणाल्या.

आतल्या खोलीत कोकिळा होती. तिनं सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती सासरी गेली. त्यानंतर दिवाळीलाही ती माहेरी आली नाही.

विहिरीवर आता पत्रा आहे, वर दगड. रुखमाबाई एकट्याच राहतात आणि रोज सकाळी वेशीजवळ नव्यानं आलेल्या नळावरून एक घागर पाणी आणतात.