सिंधूकाकूंचं घर बघायला गेलो तेव्हा

‘साखर सैल हातानं घाल गं विमे. मोठ्या घरच्या बाया हायत.’

पडदा म्हणून लावलेल्या जुन्या लुगड्यामागून सिंधूकाकूंची ही कुजबूज आली. माझ्या शेजारी बसलेल्या मंडळाच्या कमलताईंना ती ऐकू गेली नसावी, त्या समोरच्या फळीवरची भांडी बघत होत्या. मला ऐकू आली. मला नेहमीच ऐकू येतं. फारसं न बोलणाऱ्या माणसाला सगळं ऐकू येतं — आणि त्याचा कुणाला काही उपयोग होत नाही.

त्या दुपारी त्या घरात मी काय केलं, हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. गेल्या रविवारी सांगलीत ते एकदा तोंडातून बाहेर पडलं, तेवढंच. आता तुम्हाला सांगते आहे, कारण — नाही, कारण काही नाही. सांगते आहे.

आधी मंडळाचं सांगायला हवं. बांगलादेशची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. रॉकेल मिळेनासं झालं होतं. साताऱ्यात दुकानापुढं पहाटेच डबे रांगेला लागायचे, डबे रांगेत आणि माणसं घरी. ज्यांच्याकडे वीज होती त्यांना बिल झेपत नव्हतं, आणि वीज तुटली तर कंदिलात घालायला रॉकेल नव्हतं. म्हणून आमच्या भागातल्या एका महिला मंडळानं ठरवलं की ज्या घराचं महिन्याचं उत्पन्न दीडशे रुपयांच्या आत असेल, त्याचं वर्षभराचं लाइटबिल मंडळ भरणार. चांगलं काम होतं ते. आजही मी तसंच म्हणेन.

पण दीडशेच्या आत, हे ठरवायचं कसं? नोकरदाराचं सोपं असतं. आमच्या मागच्या बोळातल्या सिंधूकाकू वाकळा शिवायच्या, तिखट कांडून द्यायच्या, लग्नसराईत पापड लाटायला जायच्या. कधी पैसे मिळायचे, कधी पायलीभर जोंधळे, कधी नुसतीच जुनी साडी. ह्याला महिन्याचं उत्पन्न म्हणायचं, तर किती म्हणायचं? नवरा दुष्काळी माण तालुक्याकडचा, मुंबईला गिरणीत गेलेला. त्याच्या मनीऑर्डरी बंद झाल्या होत्या. पण न येणाऱ्या मनीऑर्डरीचा दाखला कुठला तलाठी देणार? अशा घरांसाठी कमलताईंनी — त्या मंडळाच्या अध्यक्षा — एक पद्धत काढली होती. घर बघायला जायचं. ‘सांगायला काय, कोणीही काहीही सांगेल,’ त्या म्हणायच्या, ‘स्वयंपाकघर खोटं बोलत नाही.’

सोबतीला त्यांना कुणीतरी हवं होतं. वडील मिलिटरीतून रिटायर झालेले, मी पाचगणीला इंग्रजी शाळेत शिकून परत आलेली, कॉलेजातून आले की घरात बसून असायचे. आई म्हणाली, जा, चार माणसांत मिसळशील. मिसळणं मला जमत नव्हतं. पेठेतल्या मुली माझं मराठी ऐकून तोंडावर पदर धरायच्या. मी बोलायचंच कमी केलं होतं.

तर त्या दुपारी आम्ही दोघी सिंधूकाकूंच्या चटईवर बसलो होतो, आणि मी फळीकडे पाहून मनात म्हटलं, अरे, काकूंकडे एवढं स्टील? लखलखीत डबे, उतरंडीनं लावलेले. मग लुगडं बाजूला सारून विमल बाहेर आली. विमल काकूंची मुलगी, तेव्हा अकरावीला, मॅट्रिकच्या वर्षाला. तिच्या हातात ताट, ताटात पाण्याचे पेले आणि गुलाबाच्या नक्षीचे कप.

कप आमचे होते.

मला वाटलं मी चुकते आहे. पेला उचलला. काठाखाली माझ्या आजोबांचं नाव कोरलेलं होतं. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही. माझ्या आजोबांचं नाव, सिंधूकाकूंच्या घरात, माझ्या हातात! मान वर केली तर काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून हळूच डोळे मिचकावले — बघ, कसं झ्याक मांडलंय तुझ्या आईचं सामान.

त्या एका क्षणात मला सगळं कळलं. आमच्या बोळात कुणाची मुलगी बघायला पाहुणे येणार असले की आमचे कप जायचे, कोपऱ्यावरच्या घरातून डबे जायचे, कुणाची तरी नवी चादर जायची. आईनं कधी नाही म्हटलं नव्हतं. जन्मभर काकूंना एवढंच ठाऊक होतं, की लोक बघायला येणार म्हणजे घर भरलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर ते उठून जातात. मंडळाच्या बाया घर बघायला येणार, असा निरोप त्यांना गेला. बघायला येणार! त्यांनी उसनं आणून घर भरलं. इथं रितं घर दाखवायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं? मला तरी ते कुठं सुचलं होतं?

कमलताईंनी चहाचा घोट घेतला. दाट, भरपूर साखरेचा चहा. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या — काकूंना कळू नये म्हणून इंग्रजीत — ह्यांचं तर छानच चाललेलं दिसतंय, नाही? तुला काय वाटतं?

इथवर आले की अजून माझा हात थांबतो.

बघा, साताऱ्यात परत आल्यापासून माझ्याशी कुणी इंग्रजीत बोललंच नव्हतं. कमलताई बोलल्या. मोठी, मान असलेली बाई, आणि तिनं माझं मत विचारलं. माझी मान ताठ झाली. मला — हे लिहायची लाज वाटते, पण लिहिते — मला आनंद झाला. पेला माझ्या हातात होता. तो मी हळूच फिरवला, आजोबांचं नाव तळहाताकडे घेतलं. आणि म्हणाले, ‘येस.’

एवढंच. कुणी धमकावलं नव्हतं. माझं काही जाणार नव्हतं. ‘हे कप आमचे आहेत’ — चार शब्द, इंग्रजीतसुद्धा चारच. नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की काकूंची लाज राखायला मी गप्प बसले. ते खरं नाही. ते मी मागाहून शोधून काढलं. त्या क्षणी काकू माझ्या मनात नव्हत्याच.

आणि हे इथं संपत नाही. काकूंनी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, ‘काय म्हनाल्या गं बाई?’

मी म्हणाले, ‘चहा फार छान झालाय म्हणाल्या.’

काकूंचा चेहरा असा उजळला! ‘व्हय?’ म्हणाल्या, ‘मग अजून घ्या की आवं घोटभर.’ आणि कमलताईंनी घेतला.

काकूंचं नाव मंडळाच्या यादीत बसलं नाही. उत्पन्न मर्यादेच्या वर, म्हणून. पुढं बिल थकलं, वीज बोर्डाचा वायरमन आला, खांबावर चढला आणि काकूंच्या घराची वायर सोडवून गेला. मी माडीच्या खिडकीत होते. खाली काकू त्याला सांगत होत्या, ‘दादा, पोरीचं मॅट्रिक हाय रं, तेवढं झाल्यावर काप.’ तो काही वाईट माणूस नव्हता. ‘मावशी, माझ्या हातात हाय व्हय?’ म्हणाला. हातात कुणाच्या होतं ते मला माहीत होतं. मी खिडकी लावून घेतली.

इथवर भित्रेपणा म्हणता येईल. पुढचं मात्र तसं म्हणता येणार नाही.

आईच म्हणाली, विमलला आपल्या पुढच्या सोप्यात अभ्यासाला बसू दे. विमल येऊ लागली. दिवेलागणीला यायची, दिव्याखाली मांडी घालून बसायची, ओठ हलवत वाचायची. मला बघून उठून उभी राहायची. ‘बेबीताय, ह्या शब्दाचा उच्चार कसा करायचा?’ एवढ्या विश्वासानं विचारायची की मला तिच्याकडे बघवेना. तिचा राग येऊ लागला. हो, राग! जिचं मी वाईट केलं, तिचाच मला राग यायचा. तुम्हाला कधी असं झालं आहे? मी स्वतःला चांगली मुलगी समजत होते, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि ह्या मुलीच्या पावलांचा आवाज आला की मी चिडून हातातलं पुस्तक आपटून मिटायचे.

मी आईला सांगितलं, ती मोठ्यानं वाचते, माझं डोकं दुखतं, मलाही परीक्षा आहे.

ती मोठ्यानं वाचत नव्हती. नुसते ओठ हलायचे.

आईनं काकूंना काय सांगितलं, मी विचारलं नाही. काहीतरी गोड सांगितलं असेल, घरात पाहुणे येणार वगैरे. विमल यायची थांबली. मॅट्रिकला ती बसली, पण दोन विषय राहिले, आणि पुन्हा बसली नाही. दिवा असता तर पास झाली असती, असं मी म्हणत नाही. नसतीही झाली कदाचित. पण हा ‘कदाचित’ माझ्या कामाचा नाही. तो मी तिच्याकडून काढून घेतला होता.

पुढं ती लग्न होऊन गेली. कुठं दिली, मी चौकशी केली नाही. मागच्या वर्षी मला सांगलीला एका शाळेत नोकरी लागली, खोली घेऊन राहते. आणि गेल्या रविवारी मी बाजारातून परत येत होते, तर हळदीच्या वखारींच्या बाजूला मागून हाक आली, ‘बेबी! साहेबांची बेबी न्हवं का तू?’

सिंधूकाकू. केस पांढरे झालेले, बाकी तशाच. मला पळून जावंसं वाटलं — खरंच, पिशवी तिथंच टाकून. त्यांनी माझं मनगट धरलं. ‘लय वाळलीस गं. सांगलीचं पानी मानवंना व्हय? चल, विमीचं घर हितंच हाय. तिचं दुसरं बाळंतपण, म्हनून आले मी.’

एक खोली. विमल भिंतीला टेकून मुलाला पाजत होती. बोटांच्या पेरांत हळदीचा पिवळा रंग, कितीही धुतला तरी न जाणारा. बाळंतपण जवळ येईतो ती वखारीत हळद निवडायला जात होती, असं काकूंनी सांगितलं. मला बघून विमल उठायला लागली. मी म्हटलं, नको, बस. शेजारची एक बाई भाजी निवडत बसली होती. काकू तिला कौतुकानं सांगू लागल्या.

‘ही आमच्या साताऱ्याच्या साहेबांची लेक. लय मायेची. तवा लाइटबिलाच्या मदतीतनं आमाला वगळलं बघा, तर हिनं त्या बाईफुडं किती खटपट केली! इंग्रजीतनं भांडली माझ्यासाठी, माझ्या डोळ्यांदेखत. पर त्या बाईनं ऐकलं न्हाई. आन हिच्या आईनं विमीला बसायला जागा दिली. पाहुनं आलं म्हनून बंद झालं, न्हाईतर दिलीच असती.’

इतकी वर्षं! इतकी वर्षं ह्या बाईनं त्या ‘येस’चं हे करून ठेवलं होतं — माझी माया, माझं भांडण. तिला इंग्रजी कळत नव्हतं, आणि तिनं त्या न कळण्यात माझ्याविषयी सगळं चांगलं भरलं होतं. शेजारीण माझ्याकडे बघून हसली. विमलही हसली. मीही हसू शकले असते. गप्प बसणं तर मला येतंच. घोटभर पाणी पिऊन, बाळाच्या हातात रुपया ठेवून मी निघू शकले असते, आणि काकूंच्या मनात मी जन्मभर तशीच राहिले असते, मायेची.

विमलनं मूल खांद्यावर घेतलं. मी तिच्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. आवाज माझा आहे असं वाटेना.

‘काकू, मी भांडले नव्हते. कप आमचे आहेत, हे मला दिसलं होतं. त्या म्हणाल्या ह्यांचं छान चाललंय, आणि मी हो म्हणाले. आणि विमल, आमच्याकडे पाहुणे आले नव्हते. तुला येऊ देऊ नको, असं आईला मीच सांगितलं.’