मायचं भूत आणि तलावाचं पाणी

बाप तापानं गेला त्या वर्षी आमच्या घरी दोन्ही वेळा पेज असायची, आणि पेजेत पाणीच जास्त. हे कोणाची कीव मिळवायला लिहीत नाही. होतं ते सांगतो. आमच्या झाडीपट्टीत गरीब बाईचं वर्ष रोवणीच्या, म्हणजे धान लावण्याच्या, मजुरीवर निघतं. त्याच रोवणीत, गुडघाभर चिखलात, हातात धानाची रोपं असताना मायला झटका आला. ती ताठ झाली, बाप्याच्या आवाजात काहीबाही बोलली. बायांनी तिला धुऱ्यावर ओढून काढलं आणि गावानं तिथल्या तिथं निदान केलं, की हिच्या अंगात भूत आहे. अंगात भूत असलेल्या बाईनं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाय ठेवला तर धान पिवळं पडतं, अशी आमच्या गावाची समजूत. मायला चिखल बंद झाला. भूत उपाशी राहिलं की नाही, ठाऊक नाही, आम्ही राहिलो.

भूत निघालं असं कोणीतरी जाणत्यानं सांगितल्याशिवाय मायला पुढच्या रोवणीत काम मिळणार नव्हतं. म्हणून आधी गावचा बैगा, भुतं उतरवणारा, झाला. त्यानं कोंबडी नेली आणि भूत ठेवलं. मग आमच्याकडच्या प्रतापगडच्या दर्ग्यावर नेऊन बसवलं. तिथं माय बरी राहिली, आणि घरी आल्यावर पुन्हा ताठ झाली. गुण दोघांचाही आला नाही, पण तिचा धर्म कोणता हे दोघांनीही विचारलं नाही.

हिवाळ्यात तलावाखालच्या आमराईत पादरीसाहेबाचा तंबू पडला. साहेब गोरा, हिंदी बोलायचा. सोबत एक देशी प्रचारक होता, नागपूरकडचा, आपल्यासारखाच सावळा. येशूच्या नावानं भुतं पळतात असं प्रचारकानं बाजारात सांगितलं होतं, ते गावानं मनावर घेतलं. गावाचा मालक, मालगुजार, स्वतः मायला घेऊन तंबूपुढे गेला. त्याचं म्हणणं साधं होतं. कोण्याही देवाच्या नावानं काढा, धान पिवळं नाही पडलं म्हणजे झालं.

साहेबानं पहिला प्रश्न विचारला, बाई प्रभूला मानते का? नाही म्हटल्यावर त्यानं मान हलवली. "पहले विश्वास, बाद में छुटकारा." रिकाम्या घरातून भूत काढलं तर ते आणखी सात भुतं घेऊन परत येतं, असं त्यानं पुस्तक उघडून समजावलं. म्हणजे भूत खरं, हे साहेबाला मान्य. काढायची ताकद आपल्याकडे आहे, हेही मान्य. अडलं होतं ते मायच्या धर्मापाशी. जातपात खोटी आहे हे सांगायला सात समुद्र ओलांडून आलेला माणूस, आणि दारात उभ्या बाईला त्यानं आधी विचारलं ते तू कोणातली! मी तेव्हा मराठी चौथीत होतो, तरी एवढं मला कळलं.

प्रचारकाला हे पटलं नाही. साहेबाच्या तोंडावर तो म्हणाला, की प्रभूनं थडग्यांत राहणाऱ्या एका परक्या माणसाची भुतं काढली, तेव्हा त्याचा विश्वास कुठे तपासला होता? आणि सगळ्यांना पटावं म्हणून त्यानं ती गोष्ट रंगवून सांगितली. भुतं माणसातून निघाली, डुकरांत शिरली, आणि डुकरांचा अख्खा कळप कड्यावरून धावत जाऊन तलावात बुडाला.

प्रचारकाला वाटलं, जिंकलो.

"तलावात?" मालगुजारानं विचारलं.

हो म्हणाला बिचारा.

"मंग ते पानी कोनं पेलं?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. आमचं गाव तलाव बांधणाऱ्यांचं. त्यांच्या आज्यापणज्यांनी डोक्यावर माती वाहून तलावाची पाळ, त्याचा बांध, घातलेली. धर्म बुडाला तर बघता येईल, पण पाण्यात भूत सोडणं त्यांना परवडणारं नव्हतं. डुकरांशिवाय काढतो, असं प्रचारक सांगत राहिला. मग भूत निघून जाईल कुठे, हे मात्र त्याला सांगता येईना. तलावाचं पाणी जिथवर पोचतं तिथवर कोणीही मायचं भूत काढायचं नाही, असा मालगुजारानं तिथंच हुकूम सोडला. साहेबानंही मान डोलावली. कारणं वेगळी, निकाल एक.

तेव्हा माय बोलली. इतका वेळ तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

"काढू देत नाही ना? मंग ठेवतो मी त्याले. बांधीत पाय नाही ठेवत, पाळीवर तं ठेवू देसान? पान्याची राखन मले द्या जी. भूत हाय म्हनून माह्याजवळ कोनी बसत नाही, तं पानी चोरायले कोन येते तेही पायतो."

पाणीचोरीनं मालगुजार बेजार होता. आधीचा राखणदार मोहाची पिऊन झोपायचा आणि वरच्या बांधीवाले पाणी फोडून न्यायचे. पाळीवर भूतवाली बाई कशी चालेल, असं एकानं विचारलं. मालगुजार म्हणाला, "अंगात हाय तोवर पान्यात नाही." झालं. त्यानंतरच्या पावसाळ्यात पाणी कोणी चोरलं नाही, आणि शेवटच्या बांधीलाही पहिल्यांदा पाणी पोचलं. गावानं मायला राखणीचं धान दिलं.

पुढच्या हिवाळ्यात साहेब परत आला. वर्षभर विचार करून, चिठ्ठ्याचपाट्या करून त्यांच्या लोकांनी ठरवलं होतं, की विश्वास नसलेल्यांचीही भुतं काढायला हरकत नाही. तंबू तलावापासून लांब, दुसऱ्या गावच्या शिवारात ठोकून साहेबानं मायला निरोप धाडला. माय गेली नाही. हात जोडून सांगून पाठवलं, "आता नोका काढू जी."

पुढे नागपूरच्या कॉलेजात एका ख्रिस्ती मित्रानं, विश्वास नसलेल्याचं भूत काढावं का, हाच प्रश्न मला मोठ्या गंभीरपणे घातला होता. मी म्हटलं, काढता येत असेल तर विचारता कायले, आणि येत नसेल तर सांगता कायले?

मायचे झटके हळूहळू कमी झाले, पण ते तिनं गावात कोणाला कळू दिलं नाही. मी बी.ए. होईपर्यंत तिनं पाळीवरची राखण केली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि माझं सगळं शिक्षण त्या धानावर झालं.