नर्सरीत बसलेले आबा

नारायणगावातून खोडदच्या रस्त्याला लागलं, की ठिबकच्या पाइपांचं एक दुकान लागतं. त्याच्या मागची चार खोल्यांची बैठी इमारत म्हणजे आमची शाळा. नर्सरी, छोटा गट, मोठा गट आणि ऑफिस. मी नर्सरी सांभाळते. रोज सकाळी बोरी बुद्रुकहून स्कूटीवर येते. चोवीस मुलं, मदतीला एक मावशी आणि भिंतीवर 'आठवड्याची योजना' लिहिलेला एक रंगीत कागद, एवढा माझा संसार. तो कागद आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या मॅडम, दर सोमवारी स्वतः चिकटवतात. सरळ चिकटला आहे का, हे बघायला दोन पावलं मागं जातात आणि नेहमी कुणाच्या तरी डब्यावर पाय देतात.

मोठ्या मॅडमचा जून महिन्यातला नियम एकच. पालकांनी मूल फाटकाशी सोडायचं आणि मागं वळून न बघता निघून जायचं. नियम बरोबरच आहे. मुलं दहा मिनिटांत रडायची थांबतात. पालकांना वेळ लागतो.

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये पहिल्याच सोमवारी मॅडमना कसल्याशा प्रशिक्षणासाठी पुण्याला जावं लागलं. आठवडाभर. जाताना मला म्हणाल्या, "योजना सोडायची नाही आणि पालकांना आत घ्यायचं नाही." मी म्हटलं, "हो मॅडम."

त्या सकाळी साडेतीन वर्षांची एक मुलगी आजोबांच्या मोटारसायकलवर पुढं बसून आली. ती बाकीच्यांसारखी रडत नव्हती. आजोबांनी तिला खाली उतरवलं आणि पाठीला दप्तर अडकवायला ते वाकले. तेवढ्यात तिनं त्यांच्या डोक्यावरची टोपी काढली, नीट घडी घातली, दप्तरात ठेवली, चेन लावली आणि एकटीच वर्गात जाऊन बसली.

आजोबा डोक्यावर हात ठेवून फाटकात उभे.

"या आता आबा," मी म्हटलं. "रमली ती."

"येऊ कसा? टोपी तिच्याकडं हाय."

"मग तसेच जा. बाराला न्यायला याल तेव्हा घ्या."

बनियनवर बाजारात जा असं सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, उघड्या डोक्यानं मी रस्त्यानं जात न्हाई. लोक इचारत्यात, कोण गेलं म्हणून."

मी आत जाऊन मुलीसमोर बसले. "बाळा, आबांची टोपी दे बरं."

"दिली की आबा जात्यात," ती म्हणाली.

"हो, त्यांना घरी काम आहे ना."

"मंग न्हाई देत."

याच्यावर काय बोलायचं, ते आमच्या कोर्समध्ये शिकवलेलं नव्हतं. तोवर बाकीची पाच-सहा मुलं जोरात सुरू झाली होती आणि एक जण फाटकाच्या गजातून डोकं बाहेर काढायच्या बेतात होता. मी आबांना म्हटलं, "आजच्या दिवस आत बसा." ऑफिसला कुलूप होतं, मोठी खुर्ची आतच राहिलेली. मावशीनं मुलांची एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची पुढं केली. आबा तिच्यावर बसले, तेव्हा त्यांचे गुडघे कानांना लागले.

योजनेत त्या दिवशी 'बुडते की तरंगते' होतं. मी पाण्याचा टब मधोमध ठेवला. दगड, पान, किल्ली, स्पंज, टोमॅटो. एकेक वस्तू दाखवायची, मुलांना अंदाज विचारायचा आणि पाण्यात सोडायची. दगड बुडाला, पान तरंगलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी टोमॅटो वर धरला. योजनेत त्याच्यापुढं 'तरंगतो' असं छापलेलंच होतं.

मागच्या ओळीत एक बोट वर झालं. कुणीतरी परवानगी मागत होतं. आबा होते.

"बाई, टोमॅटो कुठला हाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे जात कुठली? आन तोडून किती दिवस झालं?"

"बाजारातला आहे आबा."

"मंग कसं सांगणार? भरीव असंल तर बुडंल, पोकळ असंल तर तरंगंल. पोरांना अर्धवट नगा सांगू."

मी टोमॅटो सोडला. तो तरंगला. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि आबांकडं बघितलं. आबांनी मान हलवली, पण ते पटल्याचं हलवणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्या शेतातले सात टोमॅटो पिशवीत घालून आले. शिवाय खबरदारी म्हणून खिशात एक जादा टोपी होती. फाटकाशी मुलीनं डोक्यावरची टोपी काढून दप्तरात ठेवली. आबांनी शांतपणे खिशातली काढून घातली. मुलीनं क्षणभर विचार केला आणि हात वर केला. आबा वाकले. तीही टोपी दप्तरात गेली. मावशीला एवढं हसू आलं की ती फाटकाला धरून खाली बसली. पण मी नीट बघितलं होतं. मुलीचा हात पुरत नव्हता. आबा वाकले नसते, तर टोपी वाचली असती.

मग टब पुन्हा भरावा लागला. सातातले पाच बुडाले, दोन तरंगले. आबांनी मावशीकडून विळी मागवली आणि तरंगलेले दोन कापून मुलांना आतली पोकळी दाखवली. त्यानंतर सगळा प्रयोग मीठ लावून खाल्ला गेला. कोणताही धडा मुलांच्या इतका अंगात मुरलेला मी पाहिला नाही. मी योजनेवरचं 'तरंगतो' खोडलं आणि बाजूला लिहिलं, 'जातीवर आहे.'

बुधवारी इंग्रजी गाण्याचा तास. हत्तीचं गाणं. एका हातानं नाक धरायचं, दुसरा हात सोंडेसारखा हलवायचा आणि डुलत चालायचं. शब्द आबांना येत नव्हते, मुलांनाही येत नव्हते, त्यामुळे त्या बाबतीत सगळे सारखेच. पण हत्ती आबांचा सरस होता. आमची मुलं सोंड हलवून मोकळी होतात. आबांचा हत्ती वाटेत उसाचं कांडं उपटायचा, झाडायचा, मग खायचा.

अडचण आली ती उठताना. आबा उठले, पण खुर्ची खाली राहिली नाही, तीही त्यांच्याबरोबर उठली. आपल्याला मागून कोण ओढतंय हे बघायला आबा गर्रकन वळले, तशी खुर्चीही वळली. चोवीस मुलं एका क्षणात गप्प झाली आणि पुढच्या क्षणी सगळ्यांना तसंच उठायचं होतं. पुढची वीस मिनिटं सगळा वर्ग खुर्च्या चिकटवून घ्यायच्या नादात होता. कुणाचीच चिकटेना, मुलं लहान. एक मुलगी तेवढ्यावरून रडली. आबांनी तिची समजूत काढली, "मोठी झाली की चिकटंल हां."

गुरुवारी चित्र रंगवायचं होतं. मी प्रत्येकाला गाईचं छापील चित्र दिलं. आबांनी हात पुढं केला, म्हणून त्यांनाही दिलं. सगळ्यांच्या गाई जांभळ्या, हिरव्या, कुणाची नुसतीच खरडलेली. आबांनी खडू हातात घेतला, चित्र लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं.

"बाई, हिच्या कासेला तीनच सड काढल्यात."

मी बघितलं. खरंच तीन होते. इतकी वर्षं तेच चित्र मी वाटत होते.

"चौथा काढू का? न्हाईतर गिऱ्हाईक हात बी लावणार न्हाई हिला."

त्यांनी चौथा काढला. मग शेजारच्या मुलाच्या गाईला काढून दिला, मग ओळीनं सगळ्यांच्या. इतक्यात त्यांची नात उठली, दप्तर उघडलं, टोपी काढली आणि त्यांच्यासमोर धरली. "आबा, तुमी घरी जा आता. मला खेळायचंय."

मला वाटलं, झालं. चार दिवसांत मूल रमलं, मॅडम यायच्या आत प्रश्न मिटला.

आबांनी टोपी घेतली, डोक्यावर ठेवली आणि पुन्हा खडू उचलला. "माझं रंगवायचं ऱ्हायलंय," ते म्हणाले.

चित्र पूर्ण केलेल्यांच्या हातावर मी चांदणीचा शिक्का मारते. त्यांनीही मनगट पुढं केलं. मी मारला. संध्याकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला, की आबा जेवायला बसले आहेत, पण हात धुवायला तयार नाहीत, तर टीचर तुम्हीच सांगा. मी फोनवर सांगितलं, "आबा, हात धुवा. उद्या दुसरा मारते." मगच धुतले म्हणे.

शुक्रवारी मोठ्या मॅडम पुण्याहून एक दिवस आधीच परत आल्या. नेमकी डब्याची वेळ होती. मुलं हात धुवायला ओळीत उभी होती, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. चौथ्या क्रमांकावर आबा होते, कमरेत वाकलेले, कारण पुढच्याचा खांदा खाली होता.

"हे कोण?" मॅडमनी हळू आवाजात विचारलं.

"आपल्या नवीन मुलीचे आजोबा."

"ते ओळीत का उभे आहेत?"

"हात धुवायचेत ना मॅडम."

मॅडमनी डोळे मिटले आणि उघडले. "त्यांना तू सांगायचंस. आज, ते घरी जायच्या आत."

माझ्या सासऱ्यांच्या वयाचा माणूस. मी शाळा सुटल्यावर त्यांना फाटकाजवळच्या जांभळीखाली गाठलं आणि म्हटलं, "आबा, सोमवारपासून तुम्हाला आत बसता येणार नाही."

त्यांनी गाडीची किल्ली परत खिशात ठेवली. मग म्हणाले, "माझं काय चुकलं का?"

"नाही आबा. नियमच आहे."

"मी दंगा केला न्हाई. त्यो निळ्या बुटाचा माझ्याशी बोलत व्हता. मी त्याला गपच म्हणत व्हतो."

"तसं काही नाही हो."

त्यांनी टोपी काढून झटकली, परत घातली. "दुसरीत व्हतो तवा शाळेतनं काढून गुरांमागं धाडलं मला. वाईट वाटलं न्हाई तवा. मास्तर लई मारायचं, सुटलो म्हटलं. हत्ती व्हायला कुणी सांगितलं असतं, तर गेलो नसतो गुरांमागं." एवढं बोलून ते गाडीकडं गेले. नात पुढं बसली, तिनंच हॉर्न वाजवला. मी त्या दिवशी घरी जाताना सगळा रस्ता, कुणाला तरी वर्गाबाहेर उभं केल्यासारखी गेले.

सोमवारी मुलीला तिची आई सोडून गेली. आबा आले नाहीत. मुलगी हात हलवून आत पळाली. पण फाटकाशी दुसरेच तिघं उभे होते. दोन आजोबा आणि स्टीलचा डबा घेतलेली एक आजी. एका आजोबांनी घरून स्वतःची घडीची खुर्ची आणली होती.

"आमी बी बसणार," आजी म्हणाली. "त्यांना बसवलं, मंग आमाला का न्हाई?"

आबांनी सकाळी दूध डेअरीवर सगळ्यांना सगळं सांगितलं होतं. दुधाची किटली खाली ठेवून हत्तीही करून दाखवला होता. मोठ्या मॅडम बाहेर आल्या. त्यांनी मुलांचं भावविश्व, स्वावलंबन, विभक्त होण्याची प्रक्रिया असं बरंच समजावून सांगितलं. आजीनं ते पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर आमी गप बसलो तर?" घडीची खुर्ची एव्हाना उघडली गेली होती.

अर्ध्या तासानं मॅडम आत आल्या आणि योजनेचा कागद काढून नवा लिहायला बसल्या. शुक्रवारच्या शेवटच्या तासापुढं त्यांनी लिहिलं, 'आजी-आजोबांचा तास'. एका शुक्रवारी एकानंच यायचं, मुलांना काहीतरी शिकवायचं आणि बाराला घरी जायचं. आजी म्हणाली, मंग पहिला नंबर आबांचाच, आमी थांबतो.

त्या शुक्रवारी आबा इस्त्रीचे कपडे घालून आले. मोठी खुर्ची मांडली होती, ते चटईवर मुलांमध्ये बसले. बैलाचं वय दातांवरून कसं ओळखायचं, हा विषय त्यांनी आणला होता. खोंड दोन दाती कधी होतं, चार दाती कधी, सगळे दात येऊन जुळलं म्हणजे काय. बैल आणायला मॅडमनी परवानगी दिली नव्हती, म्हणून त्यांनी मुलांचीच तोंडं उघडून बघितली. एकेकाचा जबडा हलकेच धरून, उजेडाकडं वळवून. चोवीसही तोंडं बघून झाल्यावर ते माझ्याकडं वळले.

"बाई, ही सगळी आदत हायेत. दुधाचंच दात. एवढ्यात जुंपू नका."

दारात उभ्या असलेल्या मोठ्या मॅडमनी ते ऐकलं. नर्सरीला लिहायला कधी शिकवणार म्हणून त्याच आठवड्यात तीन मुलांच्या आया त्यांच्याकडं येऊन गेल्या होत्या.  लिखाण मात्र त्या वर्षी दिवाळीनंतरच सुरू झालं.

पुढचा आठवडाभर मुलांनी दिसेल त्याचं तोंड उघडायला लावलं. दूधवाल्याचं, पाइपांच्या दुकानातल्या मॅनेजरचं, माझं दोनदा. बुधवारी मोठ्या मॅडम वर्गात आल्या, तर आबांची नात त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आ करा." मॅडमनी इकडं तिकडं बघितलं, खाली बसल्या आणि आ केला. मुलीनं दोन्ही हातांनी जबडा धरून उजेडाकडं वळवला, आत नीट बघितलं आणि वर्गाला सांगितलं, "जुळलेली हाय."

डब्याच्या सुट्टीत मॅडम माझ्याजवळ येऊन बसल्या. चहा अर्धा झाल्यावर त्यांनी विचारलं, "जुळलेली म्हणजे किती वर्षांची गं?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "शुक्रवारी विचारून सांगते."